‘अश्रू’ नावाची चमची

पुणे,
रविवार रात्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मित्र परवा येऊन गेला. सुट्टीवर घरी जाताना मुद्दाम वाट वाकडी करून आला. पोहे खाल्ले, बाबांशी क्रिकेटवर बोलला आणि निघताना दारात थांबून एवढंच म्हणाला, “काकू, बासरी नीट ठेवा म्हणालाय.” पिशवीत वर माझ्यासाठी शाल होती, बाबांना चहापत्ती होती आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेली तुझी सफेद तीनची बासरी. सोबत दोन ओळींची चिठ्ठी. ज्या हातांनी रायफल साफ करतो त्याच हातांनी ही धरवत नाही, एक काहीतरी नीट करावं म्हणतो.

बाबांनी बासरी उचलली, नाकाशी धरून तिचा वास घेतला आणि परत टेबलावर ठेवली. जेवताना आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

तुझ्या तुकडीतला तो मुलगा गेला त्या आठवड्यात तू फोन केला होतास. एकदाच त्याचं नाव घेतलंस आणि मग पाच मिनिटं पावसाबद्दल बोलत राहिलास. मी तेव्हा काही विचारलं नाही, आताही विचारत नाही. जे सांगायचं ते तू सांगशील तेव्हा सांग. पण चिठ्ठीतलं ते ‘एक काहीतरी’ माझ्या मनातून जात नाही. म्हणून आज तुला एका माणसाबद्दल लिहायला बसले आहे. त्याच्याबद्दल तुला खरं तर आधीच सांगायला हवं होतं.

तुझ्या टेबलावरचा हिरवा पेला आठवतो ना? पाचवीत तू त्यात पेन्सिली ठेवायचास. एका अंगानं शेवाळ ओघळल्यासारखा हिरवा, दुसऱ्या अंगानं मळकट पांढरा, त्यावर तपकिरी रेघा आणि तोंड एका बाजूला दबलेलं. आजी म्हणाली होती, “एवढ्या लांबून आणायचं ते हे वाकडं?” मी नागोयाला दुभाषी म्हणून दोन वर्षं होते तेव्हाचा तो पेला. नागोयाहून लोकलनं तासाभराच्या आत तोकी नावाचं गाव लागतं. कुंभारांचंच गाव. या धाटणीच्या भांड्यांना तिथं ‘ओरिबे’ म्हणतात, आणि ते एका माणसाचं नाव आहे. फुरुता ओरिबे. सामुराई होता. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी, १५४४च्या सुमारास, त्याच मिनो प्रांतात जन्मला, आयुष्यभर एकामागून एक तीन सत्ताधीशांची चाकरी केली, आणि त्याच आयुष्यात जपानमधला सगळ्यात मोठा चहागुरू झाला.

चहा म्हटल्यावर तुला आपलं आलं घालून उकळलेलं पातेलं आठवेल. हा चहा म्हणजे हिरव्या पानांची पिठासारखी पूड. वाडग्यात बांबूच्या चमचीनं दीड-दोन चमच्या टाकायची, गरम पाणी घालायचं आणि बांबूच्याच घुसळणीनं फेस आणायचा. करायला दोन मिनिटं लागतात. शिकायला मात्र मी ज्या आजींकडे जात होते त्यांनी पहिले तीन महिने मला फक्त रेशमी फडक्याची घडी घालायला लावली. चमची त्या घडीनं तीनदा पुसायची, आणि तीही घाई न करता. गुडघे बधिर व्हायचे. एकदा मी उठायला गेले आणि पाय हललेच नाहीत, तेव्हा आजींनी मला हाताला धरून बाजूला बसवलं आणि माझं राहिलेलं वाडगं स्वतः धुतलं.

त्या खोलीचं दार मला सगळ्यात जास्त लक्षात आहे. जेमतेम सव्वादोन फूट उंच. गुडघ्यांवर, डोकं वाकवून, सरकत आत जावं लागतं. बाहेर वळचणीखाली एक फळी असते, तिच्यावर तलवारी ठेवायच्या. कमरेला तलवार लावून त्या दारातून आत जाताच येत नाही. हा साधा, काटकसरी चहा ज्यानं घडवला तो सेन नो रिक्यू साकाई बंदरातला व्यापारी होता, सामुराई नव्हता. क्योतोजवळ यामाझाकीला त्याची म्हणून मानली जाणारी दोन चटयांची खोली अजून उभी आहे. आतून साधारण सहा फूट बाय सहा फूट. त्याच यामाझाकीला १५८२ साली हिदेयोशी या सरदारानं आपल्या धन्याच्या, ओदा नोबुनागाच्या, मारेकऱ्याचा पराभव केला होता. रणांगण आणि ती खोली एकाच गावात.

हे वाचून तुला वाटेल की बाहेर तलवार, आत शांती, असा हा सरळ मामला असेल. पुष्कळ लोक तसंच सांगतात. मला ते पटत नाही. चहा त्या काळात सत्तेचंच एक हत्यार होता. हा ओदा नोबुनागा, ओरिबेच्या तीन सत्ताधीशांपैकी पहिला, नावाजलेली चहाची भांडी हुडकून हुडकून ताब्यात घ्यायचा आणि लढाई जिंकलेल्या सरदारांना बक्षीस द्यायचा. १५८२ मध्ये ताकेदा घराणं बुडवल्यावर ताकिगावा काझुमासु या सरदाराला अख्खा प्रांत मिळाला. त्याच्या मनात भरली होती ती एक चहाची कुपी, ‘छोटं वांगं’ नावाची. ती मिळाली नाही आणि इतक्या लांबचा मुलूख मिळाला, आता माझा चहा संपला, अशा अर्थाचं पत्र त्यानं लिहिलं. ज्या कोरियन वाडग्यांपुढे हे लोक मान तुकवत, त्या कोरियावर हिदेयोशीनं १५९२ साली स्वारी केली आणि परतताना सरदारांनी तिथले कुंभार पकडून आणले. इतकी सुंदर मडकी, आणि ती घडवणारे हात घरापासून तोडून आणलेले. म्हणून चहा आला की माणूस आपोआप निवळतो असं मी तुला सांगणार नाही. बासरीबद्दलही नाही.

आता ओरिबे.

तो काही नावाजलेला लढवय्या नव्हता. नोबुनागाच्या पदरी तो निरोप पोचवणारा होता. घोड्यावरून या फळीकडून त्या फळीकडे धावायचं, हुकूम पोचवायचा, परत यायचं. तुझ्या पलटणीत त्याला सिग्नलवाला म्हणाले असते. त्याची बायको नाकागावा कियोहिदे या सरदाराची बहीण. १५७८ मध्ये नोबुनागाचाच सरदार अराकी मुराशिगे त्याच्याविरुद्ध उठला आणि कियोहिदे त्याच्या बाजूला गेला. तेव्हा मेव्हण्याची समजूत घालायला ओरिबेला पाठवलं. कियोहिदेनं ऐकलं आणि किल्ला न लढता मिळाला. ओरिबेच्या लष्करी कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी कामगिरी, आणि ती जिभेवर झाली.

त्या अराकीचं पुढे काय झालं तेही ऐक, कारण तुझ्या चिठ्ठीतल्या ‘एक काहीतरी’शी त्याचा संबंध आहे. वर्षभर वेढा सोसल्यावर अराकी १५७९ मध्ये एका रात्री मोजक्या माणसांसह किल्ल्यातून निसटला. आवडतं चहाचं भांडं बरोबर नेलं असं म्हणतात. बायको, घरची माणसं, चाकर सगळे मागे राहिले. नोबुनागानं शेकडो बायका-मुलं आणि नोकर मारले. कित्येकांना घरांत कोंडून जाळलं, बायकोला क्योतोच्या नदीकाठी मारलं. अराकी जगला. पुढे डोकं भादरून, नाव बदलून, साकाईत चहा करणारा माणूस म्हणून राहिला आणि १५८६ मध्ये वारला. त्यानं ‘एक काहीतरी’ केलं, बाळा. तलवार टाकली आणि चहा घेतला. मी त्याचा न्याय करायला बसलेली नाही, त्या वेढ्यात मी नव्हते. पण त्याच्या वाडग्यातून मला चहा प्यावासा वाटला नसता.

ओरिबेनं मात्र कधीच एक बाजू धरली नाही. रिक्यूकडे तो शिकायला गेला तेव्हा चाळिशीच्या आसपास होता, म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य छावण्यांत काढून झालं होतं. त्याची एक गोष्ट सांगतात. रिक्यू एकदा बसल्या बसल्या म्हणाला की सेताच्या पुलाच्या कठड्यावर धातूची बोंडं आहेत, त्यांतली दोन आकारानं फार सुरेख आहेत. थोड्या वेळानं लोक बघतात तर ओरिबे जागेवर नाही. संध्याकाळी घामाघूम होऊन परत आला. घोडा पिटाळत पुलापर्यंत जाऊन सगळी बोंडं पाहून आला होता, आणि विचारलं, ती दोन म्हणजे अमुक आणि तमुक ना? रिक्यू म्हणाला, हो. मला ही गोष्ट फार आवडते. हुकूम पोचवण्यासाठी जो घोडा दामटायला शिकला, तो घोडा त्यानं पुलाच्या बोंडासाठी दामटला. रायफल साफ करणाऱ्या हातांना बारीक काम कसं करायचं ते माहीत असतं. बासरीचं भोक अर्धं झाकून शुद्ध मध्यम काढायला तेच बारीक काम लागतं. हे मी तुला पटवायला म्हणून लिहीत नाही, मला खरोखर तसं वाटतं.

मग १५९१ आलं. हिदेयोशी तेव्हा सगळ्या जपानचा धनी होता आणि रिक्यू त्याचा चहागुरू. दोघांत काय बिनसलं यावर चारशे वर्षं लोक वाद घालतायत. मंदिराच्या दरवाजावर रिक्यूचा पुतळा बसवला, त्याच्या पायांखालून धन्याला जावं लागलं, हे एक कारण सांगतात, आणखीही बरीच सांगतात. झालं ते असं: दुसऱ्या महिन्याच्या तेराव्या दिवशी रिक्यूला क्योतो सोडून साकाईला आपल्या घरी जाऊन बसायचा हुकूम झाला. त्याचे शिष्य मोठमोठे सरदार होते. ज्याच्या हातचा चहा प्यायला धडपडायचे त्या म्हाताऱ्याला निरोप द्यायला कोण येणार? आला तर हिदेयोशीच्या डोळ्यांत भरणार.

योदोच्या धक्क्यावर दोघे आले. होसोकावा तादाओकी हा सरदार आणि ओरिबे. रिक्यूनं दुसऱ्या दिवशी होसोकावाच्या कारभाऱ्याला पत्र लिहिलं, ते टिकून आहे. धक्क्यावर अचानक ते दोघे दिसले आणि मी चकित झालो, त्यांना माझे आभार पोचवा, एवढाच त्याचा भाव. मी ते भाषांतर करताना किती वेळा वाचलं असेल. सत्तरीतला माणूस, मरण समोर आहे हे ओळखून असलेला, आणि त्याला दोन ओळखीचे चेहरे दिसल्याचं आश्चर्य वाटतं.

पंधरा दिवसांनी, अठ्ठाविसाव्या तारखेला, रिक्यूनं हुकुमाप्रमाणे स्वतःच्या हातानं पोट चिरून घेतलं. त्याआधी त्यानं बांबू तासून चहाच्या चमच्या केल्या. त्यातली एक ओरिबेला मिळाली. तिचं नाव ‘नामिदा’, म्हणजे अश्रू.

ती मी पाहिली आहे. नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात आहे ती. काच, मंद दिवा आणि खाली एक काडी. आपल्या वितीपेक्षा कमी लांब, फिक्या रंगाची, फार बारीक, टोक वाकवलेलं. बरोबर मध्यावर बांबूची गाठ. पूर्वी चमचीला गाठ चालत नसे, ती काढून टाकत किंवा शेवटाला ढकलत. रिक्यूनं गाठ मध्यभागी आणली. तुझे गुरुजी बासरीचा बांबू निवडताना काय करायचे आठवतं? बोटानं चाचपून, लांब पेराचा, बिनगाठीचा बघायचे. गाठ आली की फुंक अडते म्हणायचे. दोन्ही खरंच आहे. एका कामाला गाठ नको, दुसऱ्यात तीच नजरेसमोर हवी. मी काचेशी उभी असताना तुझा फोन आला होता, गृहपाठात नववा भागाकार सुटत नव्हता म्हणून. मी बाहेर येऊन सोडवून दिला आणि परत आत गेले.

पण मी तुला खरं सांगायचं ठरवलं होतं ते त्या काडीच्या डबीबद्दल. चमची ठेवायला बांबूची नळी असते, साधीच असते. ओरिबेनं स्वतःच्या हातानं नळी केली, काळी लाख चढवली आणि तिच्या अंगाला एक लांबट चौकोनी खिडकी कापली. का? चमची आत असतानाही दिसावी म्हणून. ती नळी तो समोर उभी करायचा, आपण देवघरात गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतो तशी, आणि खिडकीतून दिसणाऱ्या त्या काडीला नमस्कार करायचा. जपानमध्ये गेलेल्या माणसाच्या नावाची लाकडी पाटी ठेवतात. त्यानं पाटीच्या जागी चमची ठेवली. धन्यानं मारवलेल्या गुरूची पाटी करणं सोपं नसावं.

आणि बाळा, सकाळी उठून तो त्याच हिदेयोशीच्या चाकरीला जायचा. ज्यानं गुरूला मारायचा हुकूम दिला त्याच्याकडे. पुढच्याच वर्षी कोरियाच्या स्वारीसाठी सैन्य जमलं त्या क्यूशूच्या किल्ल्यातही तो होता. मला हे बरीच वर्षं पचलं नाही. राजीनामा का नाही दिला, संन्यास का नाही घेतला, असं मी आजींना विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. चहा केला आणि मला दिला. आता मला वाटतं की तो फाटलेलाच राहिला. शिवून टाकायचा प्रयत्न केला नाही. नळी बंद केली नाही आणि उघडीही ठेवली नाही, खिडकी केली. त्याला शूर म्हणावं की लाचार, माझ्याच्यानं ठरत नाही. पण त्या खिडकीपाशी तो रोज येत होता, एवढं मला त्याच्याबद्दल पक्कं वाटतं.

त्यानंतरचा त्याचा चहा बदलला. रिक्यूची खोली अंधारी, वाडगी काळी, शांत. ओरिबेनं भिंतींना खिडक्या पाडल्या, उजेड आणला. वाडगी दाबून वाकडी केली. हाकातामधला व्यापारी कामिया सोतान रोजनिशी लिहायचा. १५९९ मध्ये तो ओरिबेकडे चहाला गेला आणि सेतोचं वाडगं वाकडं होतं, गमतीदार चीज होती, असं लिहून ठेवलं. गुरू गेल्यावर आठ वर्षांनी. आणखी एक वाडगं आहे, कोरियन, मोठं. ओरिबेला त्याचा आकार जास्त वाटला. त्यानं ते उभं-आडवं चार तुकड्यांत कापलं, कडा घासून लहान केल्या आणि लाखेनं परत जोडलं. अंगावर फुलीसारखा सांधा राहिला. तो लपवला नाही, उलट त्याच सांध्यावरून वाडग्याचं नाव पडलं, टोकियोत मित्सुईंच्या संग्रहालयात ते आहे. नाव ‘जूमोंजी’, फुली. त्या काळच्या लोकांना वाटलं की हा माणूस मौल्यवान वस्तू नासवतो. असेलही. पण ज्यानं एवढं तुटलेलं पाहिलं होतं त्यानं जोड दिसू दिला, याचं मला नवल वाटत नाही.

म्हातारपणी तो हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावा घराण्याच्या बाजूला होता. त्या घराण्यातला दुसरा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, हिदेतादा त्याच्याकडून चहा शिकला. आणि १६१४च्या हिवाळ्यात तोकुगावांनी हिदेयोशीच्या मुलाच्या ओसाका किल्ल्याला वेढा घातला तेव्हा सत्तरीतला ओरिबे त्यांच्या छावणीत होता. तिथली एक हकिकत सांगतात. ज्यासाठी मी हे सगळं पत्र लिहितेय ती हीच.

गोळ्या अडवायला बांबूच्या जुड्या बांधून उभ्या केलेल्या असत. आपल्याकडे वाळूची पोती रचतात तशा. ओरिबे एका ओळखीच्या सरदाराच्या ठाण्यावर गेला होता. बोलता बोलता त्याची नजर त्या जुड्यांवर गेली. यातला एखादा चमचीला बरा दिसतोय, गाठ हवी तिथं आहे. तो उठून एकेक बांबू निरखायला लागला, अंगरखा खोचून, मान पुढे काढून. किल्ल्यातून गोळी आली आणि डोक्याला चाटून गेली. रक्त आलं. त्यानं चहाचं फडकं काढलं आणि पुसलं.

काही लोक ही गोष्ट हसून सांगतात. मला कधीच हसू आलं नाही. तू पलीकडे कुंपणाशी उभा असतोस तेव्हा तुझ्यासमोर काय असतं मला माहीत नाही. पण तुझ्या बासरीचा बांबू आसामातून आला होता, सिलचरकडचा, गुरुजींनीच सांगितलं होतं. तू आहेस त्याच बाजूचा. तुझ्या ठाण्याभोवती बांबू असणारच. कधी ना कधी पहाऱ्यावर तुझी नजर एखाद्या लांब पेरावर थांबली असेल, आणि तू ती मुद्दाम वळवली असशील, असं मला वाटतं. ती वळवू नकोस असं तुझी आई तुला सांगू शकत नाही, गोळीची भीती मलाच जास्त आहे. डोकं खाली ठेव. पण नजर थांबली म्हणून तू कमी सैनिक झालास, किंवा त्या मुलाशी बेइमान झालास, असं मनात आणू नकोस.

ओरिबेचा शेवट थोडक्यात सांगते. १६१५ मध्ये ओसाका पडलं. ओरिबेच्या पदरच्या एका चहावाल्यावर क्योतो पेटवून देण्याच्या कटाचा आरोप आला आणि तो ओरिबेवर येऊन ठेपला. सहाव्या महिन्याच्या अकराव्या दिवशी त्यालाही गुरूसारखंच पोट चिरून घ्यावं लागलं. मुलंही गेली. आपली बाजू मांडायला त्यानं नकार दिला असं सांगतात. कट खरा होता की नव्हता, याचा निकाल अजून लागलेला नाही. चहानं त्याला वाचवलं नाही, तलवारीनंही नाही.

तो मुलगा गेल्यावर तुला वाजवावंसं वाटत नसेल तर वाजवू नको. वर्षभर नको, दोन वर्षं नको. सुतकात घरात गाणं लावत नाहीत, ते काय गाणं वाईट म्हणून नाही. माझी हरकत फक्त ‘एक काहीतरी नीट करावं’ या वाक्याला आहे. तू अकरावीत असताना खडकवासल्याची परीक्षा देतो म्हणालास तेव्हा बाबांनी विचारलं होतं, “आणि बासरी?” तू म्हणालास, “ती कुठे जातेय?” तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास आणि ते तुला कळत होतं. पासिंग आउटच्या आदल्या रात्री तू आम्हाला नदीकाठी नेऊन अर्धा तास भूप वाजवलास, नवाकोरा गणवेश घरी हँगरला होता. बाबा तेव्हा अंधारात रडत होते, तुला दिसलं नसेल.

त्या मुलाच्या घरी तू पत्र लिहिलंस का? लिहिलं नसशील तर आधी ते लिही. मोठं नको. तो जेवायला काय मागायचा, कशावर हसायचा, एवढं लिही. त्याच्या आईला तेच हवं असेल. माझं ऐकायचंच असेल तर या एवढ्या गोष्टीत ऐक.

बासरी माझ्याकडे आहे. वरचा दोरा सुटला होता, तो काढून लाल दोरा घट्ट गुंडाळला. आतून बदामाचं तेल फिरवलं, बाबांच्या जुन्या मलमलच्या बंडीचा बोळा करून, गुरुजी करायचे तसा. कपाटात ठेवायचं माझ्या मनात होतं, पण नाही ठेवली. टेबलावर हिरव्या पेल्याशेजारी उभी आहे, येता-जाता दिसते. बाबा रोज विचारतात, “पाठवायची का परत?” मी म्हणते, तो मागेल तेव्हा. दोरा बांधल्यावर सूर हलला असेल तर मला कळत नाही, ते तू सुट्टीवर आलास की बघ.

चहापत्ती चांगली आहे, बाबांना आवडली. मोजे अजून पाठवू का ते कळव.

तुझी,
आई